राजूकडून आणि आम्हा सगळ्यांकडून, प्रभावळकर सरांना

आदरणीय दिलीप प्रभावळकर सर,

सा. न. वि. वि.

तुमची आमची ओळख नाही. नाटक संपल्यावर आत येऊन भेटणाऱ्यांतलेही आम्ही नव्हे. तरीही आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेले नाहीत, म्हणून हे पत्र.

राजू माझा धाकटा भाऊ. जन्मापासूनच त्याच्या बुद्धीची वाढ कमी. आम्ही तेव्हा डोंबिवलीत चाळीत राहायचो. पाहुणे आले की आई राजूला आतल्या खोलीत बसवायची, हातात पत्ते द्यायची. त्यात लाज होती असं मला वाटत नाही. लोक त्याच्याकडे टक लावून बघायचे आणि मग एकदम नजर वळवायचे, ते तिला सहन व्हायचं नाही.

1991 मध्ये 'चौकट राजा' आला. संजय सूरकरांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकरांची निर्मिती. आम्ही चौघंही थिएटरात गेलो, राजूसकट. तुम्ही नंदू म्हणून पडद्यावर आलात आणि आईने माझा हात घट्ट धरला. नंदूचं ते जड जिभेने बोलणं, आनंद झाला की सगळ्या अंगाने होणं, कोणी रागावलं की गोंधळून त्याच माणसाच्या तोंडाकडे बघत राहणं, हे आम्ही रोज घरात बघत होतो. तुम्ही ते कुठे पाहिलंत, किती दिवस पाहिलंत, मला ठाऊक नाही. ही भूमिका आधी परेश रावल करणार होते, तुम्ही नंदूच्या बालमैत्रिणीच्या, मीनलच्या, नवऱ्याच्या भूमिकेत होतात, आणि ऐनवेळी नंदू तुमच्याकडे आला, हे मी नंतर वाचलं. तेव्हा तर आणखीच नवल वाटलं. तयारीला फारसा वेळ नसताना अशी भूमिका उभी करायची तर माणसाने आधीची कितीतरी वर्षं लोकांकडे नीट बघितलेलं असावं लागतं.

त्या सिनेमात नंदूची कोणी थट्टा केली की प्रेक्षक हसत नाहीत. नंदू स्वतः काही गमतीचं करतो तेव्हा मात्र मोकळेपणी हसतात. या दोन हसण्यांतला फरक तुम्ही तीनशे-चारशे माणसांना एकाच वेळी कळेल असा दाखवलात. आम्ही तो शेजारच्या एका घरालाही समजावू शकलो नव्हतो.

सिनेमा पुढे टीव्हीवर लागला आणि चाळीत एक नवाच प्रश्न सुरू झाला. जो तो आईला विचारायचा, "लहानपणी झाडावरून पडला का हो हा?" कारण नंदू पडतो. आई सांगायची, नाही, हा जन्मापासूनच असा. मग पुढचा प्रश्न यायचा, त्याला काय आवडतं, त्याला किती कळतं, रात्री झोपतो का नीट. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. पोरं त्याला 'नंदू' म्हणून हाका मारायला लागली. सुरुवातीला त्यात चिडवणं होतं, ते मी लपवत नाही. पण थोड्याच दिवसांत तीच पोरं त्याला क्रिकेटमध्ये चेंडू आणून द्यायला घ्यायला लागली आणि आईने पत्ते कपाटात ठेवून दिले.

आई स्वतःबद्दल बोलायची ती सुलभा देशपांडे यांच्या निमित्ताने. नंदूच्या आईच्या त्या भूमिकेबद्दल ती म्हणायची, "बाई दमलेली आहे, पण तसं दाखवत नाही." सूरकर, स्मिताताई, सुलभाताई, तिघांपर्यंतही आमचे आभार आता पोहोचणार नाहीत. म्हणून तुम्हाला लिहायला मी आणखी उशीर करणार नाही.

बाबांची गोष्ट वेगळी. ते 'चौकट राजा'बद्दल चांगलं होतं एवढंच म्हणाले. त्यांना बोलतं केलं ते जयवंत दळवींच्या 'नातीगोती'ने. ठाण्याला गडकरी रंगायतनला आम्ही तो प्रयोग पाहिला. त्यात मतिमंद मुलाचं काम अतुल परचुरे यांचं आणि तुम्ही त्याचे वडील. रंगमंचावर तुम्ही आवाज फारसा चढवत नव्हता. ऑफिसातून घरी आलेला, मुलाला भरवणारा, बायकोशी तुटक बोलणारा एक साधा मध्यमवर्गीय गृहस्थ, आणि 'आपल्यामागे याचं काय' हा प्रश्न त्याच्या प्रत्येक हालचालीत. परतीच्या लोकलमध्ये बाबा खिडकीशी बसून आईला म्हणाले, "मलाही कधी कधी पळून जावंसं वाटतं गं." आई म्हणाली, "मलापण." त्यांचं लग्न झाल्यापासूनचं सगळ्यात खरं बोलणं ते असावं. त्यानंतर राजूच्या नावाने पैसे बाजूला काढणं, कागदपत्रं करणं, त्याला कार्यशाळेत घालणं, सगळं दोघांनी मिळून केलं. बाबा आज नाहीत. राजूची सोय ते करून गेले, आणि त्या सोयीची सुरुवात तुमच्या नाटकानंतरच्या त्या गाडीत झाली.

एकाच नटाने हा मुलगाही उभा करावा आणि अशा मुलाचा बापही, हे मला फार मोठं वाटतं. दोन्हीकडून पाहिल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही. घरात आम्हीही एका वेळी एकाच बाजूने बघायचो.

तुमच्या कामाविषयी लिहिताना लोक तुमच्या रंगभूषेबद्दल, वेषांतराबद्दल खूप लिहितात. 'हसवाफसवी'तल्या सहा भूमिका, 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण, दूरदर्शनवरचे चिमणराव, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, मग 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार तुम्हाला त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी मिळाला, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. पण मला विचाराल तर रंगभूषा ही त्यातली लहान गोष्ट. 'हसवाफसवी'तले म्हातारे कृष्णराव हेरंबकर घ्या. त्या थकलेल्या गायकनटाचं हसू येतं आणि त्याच क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटतं. माणूस कितीही विचित्र असो, त्याला तुम्ही कधी हलका केला नाहीत. म्हणूनच आमचा नंदू तुमच्या हातात सुखरूप राहिला.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आमच्याकडे चुकवलं जात नसे. तुम्ही वर्तमानपत्रात लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून ती मालिका झाली हे आईला माहीत होतं, कारण ती ते सदर वाचायची. राजूला मात्र आबा हवे असायचे. आबा डायरी लिहायला बसले की तोही वही घेऊन बसायचा आणि रेघोट्या ओढायचा. त्याला अक्षरं येत नाहीत. पण दिवस संपताना बसून काहीतरी लिहायचं असतं, ही सवय त्याला तेव्हापासून लागली ती आजही आहे. त्याच्या कार्यशाळेतल्या बाईंनी याच सवयीचा उपयोग करून त्याला चित्रांतून दिवस सांगायला शिकवलं. आज काय जेवला, कोण भेटलं, कशाचा राग आला, ते आम्हाला त्या वहीतून कळतं. ज्याला आपलं दुखणंखुपणं बोलून सांगता येत नाही, त्याच्या घरच्यांना विचारा या वहीची किंमत.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, 'दशावतार' आला. तुम्ही 81 वर्षांचे, आणि पडद्यावर बाबुली मेस्त्री रात्रभर दशावतारात उभा राहण्यासाठी जिवाचं रान करतोय. मी राजूला घेऊन गेले. तोही आता पन्नाशी ओलांडलेला. नंदू, टिपऱ्यांचे आबा, गांधीजी आणि बाबुली हे चौघं एकच माणूस आहेत हे त्याला कळत नाही, मी सांगून पाहिलं तर त्याने ठाम मान हलवली. त्याच्या लेखी हे चार वेगळे ओळखीचे लोक आहेत आणि चौघंही त्याचे आहेत. एखाद्या नटाला यापेक्षा मोठी पावती कुठल्या समीक्षकाने दिली असेल असं मला वाटत नाही, म्हणून ती तुमच्यापर्यंत पोहोचवते आहे.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली, की 'उपकार' लिहिलंस ते ठीक, पण त्यांना माझे आशीर्वादही लिही, वयाने मी थोडी मोठी आहे. तेव्हा तिचे आशीर्वाद. राजूचा नमस्कार. त्याने वहीचं एक पान तुमच्यासाठी काढलंय, त्यात हिरव्या रंगाचा एक उंच माणूस आहे आणि त्याच्या शेजारी राजू स्वतः. ते सोबत जोडते आहे.

तुमची कृतज्ञ,
राजूची ताई