वहिनीची बोलती बंद

प्रिय बंड्या,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील. चिड. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो ते वहिनीपायी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

वहिनीने इंग्रजीचं मनावर घेतलंय, हे तुला माहीतच आहे. पूर्वी ती फोनवर बेधडक 'ही नॉट होम, यू कम टुमॉरो' ठोकून द्यायची आणि समोरच्याला बरोबर कळायचं. मी व्याकरण सुरू केलं आणि तिची बोलतीच बंद झाली! परवा फोन आला. 'ही...' म्हणाली आणि अडली. ओठ हलतायत, 'इज' की 'डज', 'डज' की 'इज'. तोवर समोरच्याने फोन ठेवला.

डोकं मात्र तल्लख. मला विचारते, "'ही गोज'मध्ये एस आहे, मग 'डज ही गो'मध्ये तो गेला कुठे?" म्हटलं, 'डज'मध्ये जाऊन बसला. 'डिड'चंही तेच. भूतकाळ त्याने उचलला, म्हणून पुढे 'वेन्ट' नाही, 'गो'च. "म्हणजे एका घरात दोन कारभारी नकोत," वहिनी म्हणाली. याच एसवरून आपण शाळेत अबोला धरला होता, आठवतं? तुझं म्हणणं, एस अनेकवचनाचा, तर तो 'दे'च्या क्रियापदाला लावा, 'ही'च्या कशाला? नामाचा एस वेगळा आणि क्रियापदाचा वेगळा, हे तू अजून मानत नसशीलच.

खरा घोळ आपल्या 'आहे'चा. 'मी जात आहे', 'मला माहीत आहे', 'मला दोन भाऊ आहेत', जिथे तिथे 'आहे'. मग वहिनी 'आय ॲम नो' म्हणणार नाही तर काय! जाताना 'आय ॲम गोइंग', माहीत असलं की नुसतं 'आय नो', आणि भावांना 'हॅव'. बारा काळांच्या तक्त्यात हे कुठे सापडणार? तक्ता मी गुंडाळून ठेवला. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस तुला जन्मात कधी लागलाय का? 'अ' आणि 'द'सुद्धा मागे ठेवले, ते चुकले तरी सहसा काम अडत नाही. शब्दांचा क्रम मात्र सोडता येत नाही. मराठीत 'वाघाला माणसाने मारलं' म्हण, नाहीतर 'माणसाने वाघाला', मेला वाघच. इंग्रजीत 'टायगर किल्ड मॅन' म्हटलंस की माणूस गेला.

पण बाकीचं किती सांगू? चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त केलं की ती गप्प होते. सोडून दिलं तर 'डिड वेन्ट' जिभेवर पक्कं बसेल अशी धास्ती. सध्या ती बोलत असताना मी मधे पडत नाही, नंतर एकच चूक सांगतो. तेही तिच्या लक्षात येतं. "आज कुठली निवडलीत, भावोजी?" म्हणून टोमणा मारते.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची परीक्षा आटोपली का? कळव.

आणि एक कर. रविवारी वहिनीला फोन लाव आणि इंग्रजीतच बोल. मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. आणि कृपा करून तिच्या चुका काढू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझा,
मास्तर