ओटीचं पावसाळी वेळापत्रक

कुडाळ,
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय मन्या,

परवा फोनवर हसलास, "एक स्तन काढायला साडेचार तास? तुमची घड्याळंही पेज जेवून झोपतात काय रे?" तेव्हा नुकताच ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, आलो होतो, बोलायचं त्राण नव्हतं. आत्ता लाइट गेलीय, पागोळ्या धो धो गळतायत. ऐक.

बाई मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या. उंची 152 सेंटीमीटर, वजन 104 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 45, खूपच जास्त. पहिला सव्वा तास सुरी हातात आलीच नाही. सलाईनला शीर सापडेना. नुसतं आडवं निजवलं की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो आणि ट्यूब घालताना ऑक्सिजन भराभर उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञ मॅडमनी चादरींच्या घड्या रचून डोकं-खांदे उचलून घेतले. बाजूच्या फळीवरचा जड हात घसरला तर खांद्यातल्या नसा ताणल्या जातात, म्हणून तो बांधायला दोन वॉर्डबॉय मामा.

स्तन सुटा करायला थोडाच जास्त वेळ लागला. खरा वेळ खाल्ला काखेनं; तिथल्या गाठीही काढायच्या होत्या. बारीक बाईच्या काखेत खुणेची मोठी शीर पटकन दिसते. इथे चरबीची विहीर, आणि गाठी तळाशी. छातीच्या भिंतीवरून उतरणारी एक नस तिथेच असते. ती तुटली की खांद्यामागचं हाड पंखासारखं बाहेर येतं, हात डोक्यावर नेणं अवघड होतं. आणि बाईंनी आदल्या रात्री एकच विचारलं होतं, "डॉक्टरानू, टोपली उचलूक जमात मां?" घाई कशी करणार?

नस शाबूत आहे. पण शुद्धीवर यायलाही वेळ लागला, आणि ऑपरेशनच्या लिस्टवर मी नेहमीसारखे दोनच तास लिहिले होते. तिसऱ्या नंबरची देवगडची बाई दिवसभर उपाशी राहून संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. तिचा नवरा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

वजन उतरवून या म्हणावं, तर कॅन्सर थोडाच थांबतो? तू कोकण रेल्वेतला. पावसात गाड्या हळू चालवायच्या म्हणून तुम्ही वेळापत्रकच वेगळं काढता, गाडीला दोष देत नाही. आमच्या लिस्टवर आता नावापुढे वजन-उंची लिहितो आणि त्या हिशेबानं वेळ धरतो. एक सहकारी म्हणाला, हा पेशंटचा अपमान. मला तर दुसरीला उपाशी परत पाठवणं जास्त अपमानाचं वाटतं.

सोमवारी देवगडची बाई येतेय. पहिला नंबर तिचा.

तुझाच,
बंड्या