मावशी, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्यासमोर बोलायला गेले की "अगं, देवाचे आभार मान" म्हणून तुम्ही विषय संपवता. देवाचे मी मानतेच. आज तुमचे मानायचे आहेत, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. पुढचे सात महिने घरात ठरलेला पैसा आला नाही. त्यातली ती एक सकाळ. पिठाच्या डब्यात वाटी घातली तर नुसती तळाला खरवडली. मुलं चहावरच शाळेला गेली. मी ओट्याशी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि 'आमची रोजची भाकर' इथं आवाजच फुटेना. संडेस्कूलपासून पाठ असलेली ओळ, पण त्या दिवशी ती खरोखरच भाकरीची झाली.

अकराच्या सुमाराला तुम्ही आलात. "गिरणीत गेले होते, तुझंही दळून आणलं." एवढंच. कसं चाललंय, काही लागतंय का, एक प्रश्न नाही. डबा हातात घेतला तर बाजरीचं पीठ अजून कोमट होतं. मी कुणाला काही बोलले नव्हते, मावशी. ज्याला बोलले होते, त्याच्याकडूनच तुम्हाला कळलं, असं मी आजही मानते.

सगळे दिवस असे उजाडले नाहीत. दोनदा मुलांना जेवू घालून आम्ही दोघं तसेच झोपलो. विश्वास ठेवला की अडचण येतच नाही, असं मी कुणाला सांगणार नाही. पण देवानं इस्राएल लोकांना रानात दिलेलं अन्न, तो मान्ना, सकाळपर्यंत राखून ठेवला की त्यात किडे पडायचे, हे बायबलातल्या निर्गमातलं वाचन मला त्या दिवसांत समजलं. आजचं आज मागायचं.

आणि मग चर्चमधल्या सुगीच्या सणाआधी तुम्ही पुन्हा दारात. "मंडळीच्या जेवणाला तुझ्याकडून दोन वाट्या पीठ हवं." खरं सांगते, मला राग आला. हिला माहीत आहे ना सगळं? बायबलात सारफथ गावच्या विधवेकडे मूठभर पीठ उरलेलं असताना एलीया संदेष्टा आधी स्वतःसाठी भाकर मागतो, ते मला नेहमी कठोर वाटायचं. पण वाटी तुमच्या पिशवीत रिकामी केली आणि कित्येक महिन्यांनी माझी मान ताठ झाली. सणाला देणाऱ्यांत आमचंही घर होतं.

नंतर तुम्ही तुमच्या पणजीचं सांगितलंत. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींपैकी ती एक. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील दुष्काळात भुकेनं जाताना पाहिलेले. त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये या मुलींना पोटाला दिलं, तसं हातालाही दिलं: विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल १९२४ मध्ये तिथंच छापून झालं, त्याचे छपाईचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले. तुम्ही माझ्याकडे पीठ का मागितलंत, ते मला तेव्हा उमगलं. अब्राहाम म्हणतो तसं देव 'पाहून देतो'; तुम्ही मला पाहिलंत, मावशी.

ह्यांना आता काम लागलं आहे. तुमचा डबा रविवारी उपासनेला येताना आणते. नवी बाजरी निघाली आहे, शनिवारी दळून ठेवीन.

तुमची,
मागच्या गल्लीतली लेक