चर्चमधील सामुदायिक जीवन रविवारपुरते उरू नये

महोदय,

नाताळ आला की वृत्तपत्रांत रोषणाई केलेली चर्चे, गव्हाणी आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) लोटलेली गर्दी यांची छायाचित्रे झळकतात, आणि ख्रिस्ती समाजाचे सामुदायिक जीवन वर्षभर असेच भरलेले असते, असा वाचकांचा समज होतो. प्रत्यक्षात कॅथलिकांची मिस्सा असो वा प्रोटेस्टंटांची उपासना, शेवटचे गीत संपण्याआधीच मागच्या बाकांवरची मंडळी गाड्या काढायला निघालेली असतात. नोकरीनिमित्त शहरात आलेले कुटुंब महिनोन्महिने त्याच बाकावर बसूनही शेजाऱ्याला अनोळखीच राहते.

यावर उपाय म्हणून महोत्सव, वाद्यवृंद, मोठे पडदे आणि ध्वनियंत्रणा यांवर हल्ली बराच खर्च होतो. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. कार्यक्रम पाहायला आलेली माणसे कार्यक्रम संपला की जातात. ज्यांच्या अंगावर काही काम पडते, ती टिकतात.

याचे उदाहरण वसईतच आहे. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. काही आळ्यांमध्ये अजूनही संध्याकाळी शेजारीपाजारी क्रूसापाशी जमतात. आज फुले कोणी आणायची, उद्या उकडलेले चणे कोणाच्या घरून यायचे, हे आपसांत आधीच ठरलेले असते. प्रार्थना बहुधा एखादी आजीच सांगते. धर्मगुरू हजर असतातच असे नाही, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, हे तिथे चौकशी न करताच कळते. वाड्यांच्या जागी इमारती आल्यावर हा परिपाठ अनेक ठिकाणी मोडला. इमारतीतील चार घरांनी आळीपाळीने एकमेकांकडे जमून तो पुन्हा सुरू करायला काहीच हरकत नाही, मात्र त्यासाठी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) परिपत्रकाची वाट पाहू नये. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली आणि चर्चच्या कार्यात प्रापंचिकांचाही (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांचाही) वाटा असल्याचे ठामपणे सांगितले. मराठी मिस्सा आपण आपलीशी केली, पण निर्णय घेण्याचे काम अजूनही धर्मगुरूंवरच सोडून मोकळे होतो.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) कारभार पाहणारे पंच निवडून येतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे सुटला असेल असे वाटते. परंतु कित्येक ठिकाणी पंचकमिटीची सारी शक्ती निवडणुका आणि मालमत्तेच्या कोर्टकचेऱ्या यांतच खर्ची पडते. वास्तविक या परंपरेकडे मोठी पुंजी आहे. ख्रिस्ती भजन-कीर्तन मराठी मातीत रुजवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा मोठा वाटा होता, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्तभक्तांचा जो ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आज मात्र टिळकांची भजने म्हणणारी मंडळी कीर्तनाला उभा राहील असा एक तरुण घडवत नाही, याचे नवल वाटते.

१८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. बहुतेक ठिकाणी कॅथलिक धर्मगुरू आणि प्रोटेस्टंट पाळक एका संध्याकाळी भाषणे करतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि विषय संपतो. त्याऐवजी त्या आठवड्यात कॅथलिक चर्चमध्ये प्रोटेस्टंट मंडळीचे कीर्तन व्हावे आणि प्रोटेस्टंट कुटुंबांनी क्रूसाजवळच्या प्रार्थनेला यावे. गावातील रुग्णांना आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटण्याची यादी दोघांनी मिळून करावी. त्यातील एकही घर दोन चर्चमध्ये वाटून घेण्याची गरज नाही.

आणखी एक सूचना. लग्नाच्या भाड्यावर चालणारे चर्चचे सभागृह इतर दिवशी बहुधा कुलूपबंद असते. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी ते सर्वधर्मीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेसाठी उघडावे, त्याचा जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा, आणि किल्ली तरुणांच्या हाती द्यावी.

आपला,
एक वाचक, वसई