शनिवारी दोघांनी जायचंच आहे

प्रिय आई-बाबा,

आधीच सांगून टाकते, शनिवारी सकाळी तुम्हा दोघांच्या पायांच्या त्रासासाठी डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. विचारलं असतं तर "वयाचं दुखणं, त्यात काय" एवढंच ऐकायला मिळालं असतं, म्हणून परस्परच घेतली. रागावू नका. मला रजा मिळत नाहीये, पण दादा गाडी घेऊन दारात येईल आणि बाबांच्या दुपारच्या झोपेआधी घरी सोडेल.

तुमची दुखणी वेगळी आहेत. बाबांच्या पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू खरंच आखडतो, हाताला दगडासारखा लागतो. आई, तुझं तसं नाही. पडलं की पायात वळवळतं, उठून चाललं की बरं वाटतं. आजीचंही हेच ना? तिचे पाय चेपता चेपता मी तिथेच झोपायचे आणि तू उचलून न्यायचीस. हे पुष्कळदा घराण्यातच असतं गं, तुझं काही चुकलेलं नाही.

हिमोग्लोबिन चांगलं आलंय, माहीत आहे. पण साठवलेलं लोह वेगळं मोजतात, फेरिटिन. एरवी ठीक वाटणारा आकडाही या पाय वळवळण्याच्या त्रासात ७५ च्या आत असला तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस. आणि झोपेसाठी ती सर्दीची गुंगीची गोळी घेतेस ना, तिने पाय आणखी चाळवतात. आजपासून बंद. रात्रीची कॉफीही.

बाबा, तुमच्या प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यानेही गोळे येऊ शकतात. साखरेवरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, मग पायांच्या नसा कुरकुरतात. लगेच गोळ्या बंद करू नका! पाकिटं सोबत न्या, एवढंच. कधीकधी कारण सापडतच नाही, तेही ऐकायची तयारी ठेवा. गोळा आला की गुडघा सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटऱ्या ताणायच्या. काकांनी सुचवलेली क्विनीन, ती मलेरियावरची गोळी, अजिबात नको, रक्तावर आणि हृदयावर उलटू शकते.

एकच पाय सुजला, गरम लागला, तर शनिवारची वाट बघायची नाही. आधी दवाखाना, मग मला फोन.

जुने रिपोर्ट टीव्हीखालच्या कप्प्यात आहेत, बाबांनी आवरलं नसेल तर.

तुमची,
छकुली