रोज पाणी घालण्याआधी कुंडीत बोट घालून बघा

संपादक महोदय,

पाऊस तोंडावर आला की आपल्या पुरवणीसह बहुतेक वृत्तपत्रांत ‘घरच्या घरी भाजी’ या विषयावर लेख येतात. लेख वाचनीय असतात, छायाचित्रे तर देखणीच. पण त्यांची सुरुवात कोणती रोपे आणावीत इथून होते आणि शेवट ‘नियमित पाणी द्यावे’ या वाक्याने. नवख्यांच्या हातून झाडे जातात ती बहुतेकदा याच वाक्यामुळे. हौसेने आणलेली रोपे दिवाळीपर्यंत माना टाकतात आणि ‘माझ्या हाताला झाड लागत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हाताचा काही दोष नसतो. दोष बहुधा कुंडीत भरलेल्या मातीचा आणि रोज सकाळी ओतल्या जाणाऱ्या मगाचा असतो. म्हणून रोपांची नावे बाजूला ठेवून या दोन गोष्टींवरच जरा सविस्तर लिहितो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की तिथला प्राणवायू संपतो आणि बारीक पांढरी मुळे कुजू लागतात. मग कुंडीत पाणी असूनही झाडाला ते ओढून घेता येत नाही. पाने मलूल होऊन लोंबतात, खालची पिवळी पडतात. बघणाऱ्याला वाटते, झाड तहानले आहे. तो आणखी एक मग ओततो. इथून झाड सहसा परत येत नाही. कोमेजलेले झाड आणि ओली माती हे दोन्ही एकत्र दिसले तर पाणी ताबडतोब थांबवावे, कुंडी सावलीत हलवावी आणि तळाची भोके बुजली नाहीत ना, ते काडीने बघावे.

पाणी कधी द्यायचे हे कॅलेंडर ठरवत नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण दोन इंच, मातीत खुपसावी. आत गार लागले, माती बोटाला चिकटून आली तर पाणी नको. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश द्यावे. रोज पेलाभर शिंपडणे सगळ्यांत वाईट, कारण वरचा इंचभर थर भिजतो आणि खालची मुळे तशीच कोरडी राहतात. मे महिन्यात 12 इंची कुंडीतल्या टोमॅटोला रोज, कधी दोन वेळाही पाणी लागते. तीच कुंडी जुलैच्या झडीत आठवडाभर थेंबही मागत नाही. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर बोटाआधी डोळे फसतात: वरचा थर काही तासांत फिका, कोरडा दिसतो आणि आत चिंब असते. अशी कुंडी एका बाजूने किंचित उचलून बघावी. भरलेली आणि रिकामी यांच्या वजनातला फरक चार-आठ दिवसांत हाताला कळू लागतो.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. एक तर मुळे त्यात बुडून राहतात. दुसरे, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ साचलेले पाणी आवडते आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात आणि कुंड्या विटांवर उचलाव्यात.

तुळशीबद्दल थोडे धाडसाने लिहितो. रोज तांब्याभर पाणी घालण्याची रीत अंगणातल्या मोठ्या वृंदावनासाठी ठीक होती, कारण तिथे खाली जमीन होती. गॅलरीतल्या 8 इंची कुंडीत तोच तांब्या तुळशीचा जीव घेतो, विशेषतः श्रावणात. पळीभर पाण्याने पूजेत काही उणे राहत नाही. आणि मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. बी धरू दिले की झाड काष्ठवत होते, नवी पाने येणे मंदावते.

आता माती. शेतातली किंवा बांधकामावरची काळी माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकाकडे निघून जाते, भोकातून धार दिसते म्हणून आपण समाधानी, आणि मधला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. नुसती लाल मातीही दोन-तीन महिन्यांत दाबून घट्ट बसते.

घाटावरच्या गॅलरीसाठी चालणारे मिश्रण असे: चार घमेली लाल माती, तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवलेले कोकोपीट आणि एक घमेले जाड वाळू किंवा भाताचे तूस. 12 इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकणात किंवा मुंबईत कुंड्या थेट पावसात राहणार असतील तर कोकोपीट निम्मे करून तूस किंवा वाळू तेवढी वाढवावी. ओलसर मिश्रण मुठीत दाबून बघावे: त्याचा लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटलाही पाहिजे. वळलाच नाही तर पाणी धरणार नाही. फुटलाच नाही तर हवा शिरणार नाही.

कोकोपीटची वीट बादलीत फुलवून पहिले पाणी फेकून द्यावे, जमल्यास दुसरेही; नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि ते कोवळ्या मुळांना भाजतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेले नाही. कच्चे शेण कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडते, शिवाय त्यात हुमणी असू शकते. ही अळी पांढरी, जाडसर, अर्धगोल वळलेली आणि तपकिरी डोक्याची असते. ती मातीत राहून मुळे खाते आणि वरून झाड सुकताना कारण कळत नाही. खत वापरण्याआधी प्लास्टिकच्या कापडावर पसरून उन्हात घालावे, हाताने चाळत अळ्या वेचाव्यात.

कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा, असे जवळजवळ प्रत्येक लेखात असते. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक पोकळ्यांतले पाणी वरची माती पूर्ण भरल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे चिखलाचा थर आहे तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. भोके मात्र करंगळीएवढी आणि चार-पाच हवीत.

नर्सरीतून आणलेले रोप का जाते, हेही कोणी सांगत नाही. काळ्या पिशवीतला तो गोळा बऱ्याचदा घट्ट लाल चिकणमातीचा असतो. आपण पिशवी फाडतो, गोळा जसाच्या तसा भुसभुशीत मिश्रणात बसवतो आणि पाणी घालतो. पाणी सोपी वाट धरते, भोवतालच्या मिश्रणातून खाली जाते, गोळा आतून कोरडाच राहतो. रोप ओल्या कुंडीत तहानेने मरते. यावर उपाय सोपा आहे. लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावे. मग पिशवी कापून बाहेरची साधारण एक तृतीयांश माती बोटांनी अलगद मोकळी करावी आणि तळाशी गोल गोल फिरलेली मुळे सोडवावीत किंवा कात्रीने छाटावीत. लागवड संध्याकाळी करावी, पुढचे चार-पाच दिवस रोप सावलीत ठेवावे. खत त्या आठवड्यात देऊ नये.

उजेडाचा हिशेब घर कोणत्या दिशेला आहे यावर आणि महिन्यावर असतो. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन लागते, पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरचे तिरपे ऊन आतपर्यंत येते, म्हणून हिवाळी भाज्यांना तिच्यासारखी जागा नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या) दोन दिवसांच्या मधल्या काळात, पुण्या-मुंबईकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या वेळी छत असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन शिरतच नाही आणि उत्तरेकडे सकाळ-संध्याकाळ येते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासातासाने ऊन कुठे पडते ते खडूने जमिनीवर आखावे आणि मग रोप निवडावे.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो आहे. 12 इंची कुंडी भिजल्यावर 20 किलोच्या आसपास जाते, त्यामुळे कुंड्या विरळ ठेवल्या तर अडचण नाही. पण विटांचे वाफे करून त्यात फूटभर माती भरली की ओल्या मातीचेच चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो होतात. असा वाफा संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. कुंड्या तुळयांच्या रेषेत, कडेला ठेवाव्यात. कठड्यावर तर नकोतच.

पहिल्या हंगामात काय लावावे? जूनमध्ये भेंडी. बी रात्रभर भिजवून 12 इंची कुंडीत दोन टोचावे, उगवल्यावर जोमदार एक ठेवावे. दीड महिन्यात भेंड्या सुरू होतात आणि मग दिवसाआड तोडाव्याच लागतात. दोन दिवस विसरलात तर निबर होतात आणि झाडही नवी फुले देईनासे होते. अळू सतत ओल चालणारा अपवाद आहे, पाण्याचा हात सैल असणाऱ्यांनी तोच लावावा. मेथीला सहा इंच खोल पसरट क्रेट पुरतो. चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात काढणीला येते, फक्त थेट सरींखाली नको. कोथिंबीर ऑक्टोबरनंतर. धणे चपातीच्या लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, आठ-बारा दिवस धीर धरावा. उन्हाळ्यात ती पाने न देता फुलावर येते, तेव्हा बियाण्याला दोष देऊ नये.

टोमॅटोने सुरुवात करण्याचा मोह टाळावा. पावसात त्याला करपा गाठतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपे करून ऑक्टोबरमध्ये लावावीत, खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरावे, कारण पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात. फळाच्या बुडाला काळा चट्टा पडला तर ते बहुधा अनियमित पाण्याने होते: मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही. चुन्याची निवळी ओतण्याआधी पाणी सुधारावे.

मिरचीची पाने आकसली की सगळे त्याला बोकड्या म्हणतात आणि हाती लागेल ते फवारतात. पाने होडीसारखी वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी ही अगदी बारीक कीड. दोन्हींवर सुरुवातीला एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि एक-दोन मिली द्रव साबण नीट फेटून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. दुपारी फवारले तर पाने करपतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा. त्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात.

उरलेला चहाचा चोथा धुऊन, साखर-दूध काढून मगच घालावा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी. अंड्याची टरफले विरघळायला फार वेळ लागतो. केळीच्या साली कुंडीत खुपसण्यापेक्षा खतपेटीत टाकाव्यात.

आपल्या पुरवणीला एकच विनंती आहे. यापुढे रोपाच्या प्रत्येक छायाचित्राखाली चार गोष्टी छापाव्यात: कुंडी किती इंचांची, थेट ऊन किती तास, लावण्याचा महिना कोणता आणि बोट किती खोलवर कोरडे लागल्यावर पाणी द्यायचे.

आपला,
बागकाम शिकवणारा एक वाचक, पुणे