शंकरपटासाठी कायदा होतो, मग वारसासाठी का नाही?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटावर आलेला लेख वाचला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट १९ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. आमच्या तालुक्यात तो लागला नाही, त्यामुळे त्याच्या गुणदोषांविषयी मी काही बोलणार नाही. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि गावातच शेती करणारा त्याचा बालमित्र यांच्या परस्परांवरील प्रेमाची ती गोष्ट आहे. लेखाचा सगळा भर ‘गाव अशा नात्याला स्वीकारील काय’ या प्रश्नावर आहे. तहसील कार्यालयासमोर टेबल टाकून तीसेक वर्षे दस्त लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मात्र दहाव्यानंतर उभा राहणारा प्रश्न अधिक अवघड वाटतो, आणि तो म्हणजे, असा एखादा सोबती गेला तर त्याच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे चढणार?

स्वीकाराचे म्हणाल, तर गाव पुष्कळ गोष्टी न बोलता पचवते. आमचा भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला. दिवाळी संपली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, वडशाच्या नाट्यमंडळांच्या गाड्या हिंडू लागतात आणि होळीपर्यंत रात्रभर चालणारी नाटके होत राहतात. दंडार या आमच्या लोकनाट्यात आणि जुन्या काळच्या नाटकांत लुगडे नेसून उभा राहिलेला पुरुष कोणाचा तरी नवरा किंवा बाप आहे हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असे, तरी त्याच्या दुःखावर बाया खरोखर रडत. याच मंडपात पुढच्या रांगेत, जमिनीवर, एका दुपट्यात दोघी बसलेल्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या. दोघीही बिनलग्नाच्या, एका घरात राहणाऱ्या आणि एका चुलीवर जेवणाऱ्या. गावाने त्यांना ‘त्या दोघी’ एवढेच नाव दिले होते. त्यांच्या नात्याला मी येथे दुसरे नाव देत नाही, कारण त्यांनीही ते कधी दिले नाही. आमची नाटके याबाबतीत फार उदार आहेत असे मात्र समजू नये. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम १९८१ सालीच गंभीरपणे रंगमंचावर आणले, आमच्या मंडपात अजून बायल्या म्हणून एखादे पात्र येते ते शिट्ट्या घेण्यापुरतेच. मीही त्याला हसलो आहे, हे लपवत नाही.

त्या दोघींपैकी थोरली चार वर्षांपूर्वी वारली. बापाकडून आलेली दीड एकर धानाची बांधी तिच्या नावे होती. रोवणीपासून मळणीपर्यंत दोघींनी मिळून ती कसली होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अपत्ये आणि आईवडील यांपैकी कोणीच मागे नसलेल्या बिनलग्नाच्या स्त्रीची मालमत्ता बापाच्या वारसांकडे जाते. त्यानुसार वारस फेरफार झाला आणि शेजारच्या जिल्ह्यात राहणाऱ्या दोन भावांची नावे लागली. यात तलाठ्याने गैर काही केले नाही. अर्जात मृताशी नाते लिहावे लागते, आणि धाकटीने तेथे काय लिहावे यासाठी कायद्याने शब्दच ठेवलेला नाही. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा फार उशीर झाला होता. मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते कायद्याने चालते. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावरून त्या किती वेळा गेल्या असतील, पण हा कागद करून ठेवा असे मी एकदाही सुचवले नाही. हा दोष माझा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, हे बहुतेकांना आठवते. समलिंगी विवाहाबाबतच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाविषयी मात्र आमच्याकडे फार गैरसमज आहेत. विवाह करणे हा मूलभूत अधिकार नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाशिवायच्या अशा सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारला गेला, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मात्र याच प्रकरणात केंद्राने दिलेल्या आश्वासनानुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऑगस्ट २०२४ च्या सुमारास काही खात्यांनी सूचना काढल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा, अशा आशयाच्या त्या आहेत.

या सूचना चांगल्या असल्या तरी त्यांची मर्यादा दस्त लिहिणाऱ्याला लगेच दिसते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. बँक पैसे नामनिर्देशिताच्या हाती देईल, पण उद्या भाऊ-पुतणे वारस म्हणून दावा घेऊन उभे राहिले तर मृत्युपत्राशिवाय तो हात रिकामाच. जिवंतपणी बक्षीसपत्र करावे म्हटले, तर राज्याच्या मुद्रांक कायद्यात पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा विधवा सून यांना राहते घर किंवा शेती बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. जोडीदार मात्र कायद्याच्या नजरेत परका, म्हणून त्याच्यासाठी बाजारमूल्यावर विक्रीखताइतके शुल्क. तो स्वतः शेतकरी नसेल तर कुळकायद्याचा अडसर वेगळाच.

यावर सगळे दिल्लीकडे बोट दाखवतात. येथे मला शंकरपटाची आठवण होते. आमच्याकडच्या या बैलांच्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. त्या दिवशी आमच्या गावात फटाके फुटले. विवाहाच्या प्रकरणाची सुनावणी त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ११ मे रोजी संपली होती, याची कोणाला गंधवार्ताही नव्हती. विवाह, दत्तक, मृत्युपत्र आणि उत्तराधिकार हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे पटासाठी जी वाट वापरली ती येथेही मोकळी आहे. महाराष्ट्राने ती पूर्वी वापरलीही आहे. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मजात हिस्सा देणारी दुरुस्ती आपल्या राज्याने १९९४ मध्ये केली, केंद्राला त्यासाठी २००५ उजाडले. विवाहाचा मोठा प्रश्न संसदेत सुटायचा तेव्हा सुटेल. पण नोंदणीकृत प्रतिज्ञापत्राने जाहीर केलेल्या सोबत्याला वारसांत जागा देण्याचे विधेयक राज्याला आणता येते, आणि २०० रुपयांच्या यादीत आणखी एक शब्द घालायला तर मुंबईबाहेर कोणाला विचारावेही लागत नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते ते आमच्या नाटकांच्या ऐन हंगामात. झाडीपट्टीतील आमदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न तेथे लेखी विचारावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. ऑगस्ट २०२४ च्या त्या सूचना तारखांसह, शब्दशः मराठीत, आपल्या अंकात छापाव्यात. रेशन दुकानदार काय किंवा बँकेचा रोखपाल काय, तोंडी सांगितलेले ऐकून घेत नाही. वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले की निदान ‘साहेबांना विचारतो’ असे म्हणतो, असा माझा अनेक बाबतींतला अनुभव आहे. तशी कात्रणे टेबलावर काचेखाली ठेवण्याची माझी तयारी आहे.

छोट्या गावात माणसे चटकन ओळखू येतात आणि धाकटी अजून त्याच घरात राहते, म्हणून माझे नाव व गाव छापू नये.

आपला विश्वासू,
एक दस्तलेखक, जि. गडचिरोली